परडी, पेटी आणि पिशवी

श्रावण शुद्ध पंचमीला वऱ्हाडांत नांगर धरीत नाहींत, जमीन खणीत नाहींत, विळीवर भाजी चिरीत नाहींत आणि चुलीवर तवा चढवीत नाहींत. काळ्या मातींत राहणाऱ्या सापाला त्या दिवशीं इजा होऊं नये, हा या रिवाजाचा साधा अर्थ. त्याच सुमारास अमरावती, अकोला आणि भोंवतालच्या जिल्ह्यांतील हजारों माणसें सातपुड्यांत पचमढीनजीकच्या नागद्वाराच्या यात्रेला डोंगर चढून जातात. या प्रदेशांत सापाविषयीं आदर नाहीं, असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि ज्या दिवशीं नांगराच्या फाळापासून शेतांतला नाग सुरक्षित असे, त्याच दिवशीं शहराच्या गल्लींत गारुड्याच्या परडींतला नाग पुष्कळदां मरणाच्या वाटेवर असे. एकाच श्रद्धेच्या पोटीं हे दोन प्रकार कसे नांदले, आणि बंदिवासांतील सापाला निरोगी कसें ठेवावें याचें ज्ञान माणसाला कसकसें मिळत गेलें, तो इतिहास पाहण्याजोगा आहे.

वऱ्हाड प्रांत १८५३ सालीं इंग्रजांच्या कारभाराखालीं आला आणि १९०३ सालीं मध्यप्रांताला जोडला गेला. या अर्धशतकांत आगगाडी आली, कापसाच्या पेठा वाढल्या, आठवडी बाजार भरभराटले, आणि या बाजारांतून फिरणाऱ्या खेळकऱ्यांना पोट भरण्यापुरता प्रेक्षक मिळूं लागला. त्यांतलाच एक गारुडी. बांबूची शेणानें सारवलेली परडी, आंत एखादें जुनें फडकें, वर झांकण आणि हातांत पुंगी, एवढ्या सामग्रीवर तो संसार चालवी. त्याचें ज्ञान सामान्य नव्हतें. वारुळाच्या तोंडाशीं पडलेल्या खुणांवरून आंत साप आहे कीं नाहीं हें तो ओळखी. नाग, मण्यार, फुरसें आणि विदर्भांत जिला परड म्हणतात ती घोणस, यांतला भेद त्याला अचूक कळे. परडी उन्हांत ठेवूं नये, सापाला पाणी दाखवावें, कात टाकण्याच्या वेळीं त्याला छेडूं नये, हेंहि तो जाणत असे.

मात्र त्याच्या धंद्याची गरज या ज्ञानाच्या आड येई. गर्दीच्या बाजारांत विषारी नाग खेळवावयाचा, तर त्याचे विषदंत काढणें त्याला भाग पडे. आतां नागाच्या विषदंतामागें राखीव दातांची रांग असते. एक दात गळला कीं कांहीं आठवड्यांत दुसरा त्याच्या जागीं येतो. म्हणून नुसता दात मोडून भागत नसे. दातांच्या मुळाशीं असलेला मांसाचा भाग कापून किंवा उपटून काढावा लागे. ही जखम सहसा भरून येत नसे. हिरड्या सुजत, त्यांवर रक्ताचे ठिपके दिसत, मग दह्याच्या गुठळीसारखा पू सांचे आणि पुढें जबड्याचें हाडहि सडूं लागे. तोंड दुखणारा साप भक्ष्य धरीत नाहीं. भक्ष्य न धरणारा साप उपासानें खंगतो. गारुडी तो मेला म्हणून दुसरा धरून आणी. सापाच्या या मुखरोगाला आज पशुवैद्यकांत स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु त्याचा अनुभव भारतांतील परड्यांनीं शतकानुशतकें घेतला होता.

नागपंचमीचें दूध हा या दुःखांत भर घालणारा प्रकार. साप हा मांसाहारी प्राणी आहे. दूध हें त्याचें अन्न नव्हे, आणि तें पचविण्याची सोय त्याच्या पोटांत नाहीं. मग तो वाटींत तोंड घालून दूध पितांना दिसे, तें कसें? उत्तर असें कीं, सणाच्या आधीं कांहीं दिवस त्याला पाण्यावांचून ठेवलेलें असे. तहानेनें व्याकुळ झालेला साप समोर येईल तें द्रव पितो. तोंड जखमी असलें म्हणजे त्यांतलें थोडें श्वासनलिकेंत उतरे आणि फुप्फुसाला सूज येई. घरच्या गृहिणीनें मनोभावें वाहिलेलें दूध त्या मुक्या जीवाला असें बाधत असे, आणि त्या माउलीला त्याचा पत्ताहि नसे.

परडीनंतर आली ती पेटी. एकोणिसाव्या शतकांत सर्पदंशाच्या अभ्यासासाठीं जिवंत साप बाळगण्याची गरज शास्त्रज्ञांना भासूं लागली. डॉ. जोसेफ फेअरर यांनीं बंगालमध्यें सापांच्या विषावर प्रयोग केले आणि १८७२ सालीं भारतांतील विषारी सापांवरचा आपला प्रचंड सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. १८८३ सालीं मुंबईस नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. सैन्यांतील डॉक्टर फ्रँक वॉल यांनीं तिच्या नियतकालिकांतून भारतीय सापांवर दीर्घ लेखमाला लिहिली, आणि साप काय खातो, कात केव्हां टाकतो, पिलें किती होतात, अशा साध्या प्रश्नांना प्रथमच पद्धतशीर उत्तरें मिळूं लागलीं. गारुड्याजवळचें ज्ञान त्याच्याबरोबर जाई. हें ज्ञान कागदावर उतरल्यामुळें पुढच्या माणसाला उपयोगी पडूं लागलें.

१८९४ सालीं फ्रान्समध्यें सर्पविषावरची प्रतिविषलस तयार झाली. घोड्याला विषाची अल्प मात्रा वाढत्या प्रमाणांत टोंचावयाची आणि त्याच्या रक्तांत उत्पन्न झालेलें प्रतिद्रव्य माणसाला द्यावयाचें, ही तिची रीत. या रीतीला विष लागतें आणि विषाला जिवंत साप लागतो. मुंबईस वाल्डेमार हाफकिन यांनीं प्लेगच्या लशीसाठीं उभारलेली प्रयोगशाळा १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नर निवासांत गेली. १९२५ सालीं तिला हाफकिन संस्था हें नांव मिळालें. याच संस्थेंत पुढें साप ठेवून त्यांचें विष काढण्याचें काम चाललें. तेथील डॉ. पु. ज. देवरस यांनीं सर्पशाळेंतील सापांपासून मिळणाऱ्या विषाच्या नोंदींचा अभ्यास १९६३ सालीं प्रसिद्ध केला, आणि १९६५ सालीं नॅशनल बुक ट्रस्टनें त्यांचें भारतीय सापांवरचें पुस्तक काढलें. अमरावती–अकोल्याच्या शेतांत ज्याला परडेनें दंश केला, त्याच्या जिवाची आशा अशा पेट्यांवर अवलंबून होती. म्हणून पेटींतील साप जगविणें हें हौसेपलीकडचें काम ठरलें.

पेटींत साप कां मरतात? या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां सर्पपालनाचें शास्त्र तयार झालें. त्याचें पहिलें सूत्र उष्णतेचें. सापाच्या शरीरांत स्वतःची ऊब निर्माण होत नाहीं. रानांत तो सकाळीं उन्हाला येतो, दुपारीं बिळांत जातो आणि आपल्या देहाचें तापमान असें हिंडून फिरून राखतो. पेटींत त्याला हिंडावयास जागा नसते. वऱ्हाडांत तर ऋतूंचें टोंक मोठें: वैशाखांत अकोल्यास पारा ४५ अंशांवर जातो आणि पौषांतल्या रात्रीं १० अंशांच्या आसपास उतरतो. थंडींत खाल्लेलें भक्ष्य पचत नाहीं, पोटांतच कुजतें आणि साप तें ओकून टाकतो. उन्हाळ्यांत पत्र्याच्या पेटींत तो तासाभरांतहि भाजून मरतो. म्हणून पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड ठेवावी, सापानें आपली जागा आपणच निवडावी, हा नियम ठरला. बहुतेक जातींना उबदार टोंकास ३० ते ३२ अंश आणि थंड टोंकास २५ अंशांच्या आसपास उष्णता मानवते. ऊब देणाऱ्या दिव्यावर मात्र जाळी हवी. थंडीनें गारठलेला साप तापलेल्या वस्तूला बिलगून बसतो आणि पोट भाजेपर्यंत हलत नाहीं.

दुसरें सूत्र ओलाव्याचें. हवा फार कोरडी असली कीं कात एकसंध न निघतां तुकड्यांनीं सुटते. डोळ्यांवरची पारदर्शक खपली तशीच राहते, आणि शेपटीच्या टोंकाला अडकलेली कडी आवळत जाऊन रक्तप्रवाह थांबतो. ही कात ओढून काढूं नये. कोमट पाण्यानें भिजविलेल्या फडक्यांत सापाला घटकाभर ठेवलें म्हणजे ती मऊ होऊन आपोआप सुटते. उलट पेटीचा तळ सदा ओला राहिला तर पोटाखालच्या खवल्यांवर फोड येतात आणि ते पिकतात. तेव्हां पाण्याचें भांडें भरलेलें, एक कोंपरा दमट आणि बाकीचा तळ कोरडा, असा मेळ घालावा लागतो.

तिसरें सूत्र स्वच्छतेचें आणि विलगीकरणाचें. सापाच्या खवल्यांखालीं मोहरीच्या दाण्याहूनहि बारीक काळसर पिसवेसारखे जीव लागतात. ते रक्त शोषतात आणि एका सापाचा रोग दुसऱ्यास पोंचवितात. साप दिवस दिवस पाण्याच्या भांड्यांत बुडून राहूं लागला, तर प्रथम याच जीवांचा संशय घ्यावा. बेडूक, सरडे अशा रानांतल्या भक्ष्यांतून पोटांत जंत जातात. म्हणून नवा आलेला साप निदान महिना दोन महिने इतरांपासून वेगळा ठेवणें, त्याची विष्ठा तपासणें आणि त्याच्या पेटींतली भांडीं दुसऱ्या पेटींत न नेणें, ही शिस्त जगभरच्या सर्पोद्यानांनीं स्वीकारली.

फुप्फुसाचा दाह हा चौथा शत्रू. बहुतेक सापांचें उजवें फुप्फुस तेवढें कामाचें असतें. डावें नांवापुरतें किंवा मुळींच नसतें. शिवाय माणसाप्रमाणें खोकून कफ बाहेर टाकणें त्याला साधत नाहीं. तोंडाशीं बुडबुडे, श्वासाला घरघर आणि मान वर करून उघड्या तोंडानें बसणें हीं लक्षणें दिसलीं कीं घरगुती उपायांत दिवस न घालवितां पशुवैद्याकडे जावें लागतें. या सर्व रोगांच्या यादीकडे पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते: त्यांतले बहुतेक रोग रानांतल्या सापाला क्वचित् छळतात. थंडी, कोंडमारा, घाण आणि हाताळणी यांनीं त्याची शक्ति क्षीण झाली म्हणजेच ते बळावतात.

या सर्व खटाटोपाला भारतांत एक निराळें उत्तर मिळालें तें तामिळनाडूंत. १९७८ सालीं तेथील इरुळा या परंपरेनें साप धरणाऱ्या जमातीची सहकारी संस्था निघाली. तिचे सभासद साप पकडून मातीच्या मडक्यांत तीन चार आठवडे ठेवतात, तेवढ्यांत ठराविक अंतरानें चार वेळां विष काढतात, पोटाखालच्या खवल्यावर खूण करतात आणि त्याला पुन्हां रानांत सोडून देतात. बंदिवासांतले रोग बरे करीत बसण्यापेक्षां बंदिवासच थोडा ठेवावा, हा त्यांचा विचार. पकडण्याची पिढीजात विद्या वायां गेली नाहीं, माणसांना रोजगार मिळाला आणि लशीला विष मिळालें. उत्तरेकडच्या आणि महाराष्ट्राच्या गारुड्यांच्या नशिबीं असें कांहीं आलें नाहीं, ही या इतिहासांतली खंत वाटण्याजोगी बाजू आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें साप बाळगून खेळ करण्याचा त्यांचा धंदा हळूहळू बंद पडला. नागाचे हाल थांबले, हें निःसंशय चांगलें झालें. परंतु परडी हातांतून गेलेल्या माणसाला दुसरें काय द्यावयाचें, याचा विचार त्या मानानें थोडाच झाला.

महाराष्ट्रांत सापाविषयींची दृष्टि बदलण्यास पुण्याचे नीलिमकुमार खैरे यांचा मोठा हातभार लागला. १९८० सालीं ते एका कांचेच्या खोलींत ७२ विषारी सापांसमवेत ७२ तास राहिले. न छेडलेला साप चावत नाहीं, हें त्यांना दाखवावयाचें होतें. १९८६ सालीं त्यांच्या पुढाकारानें कात्रजचें सर्पोद्यान उभें राहिलें. त्यानंतरच्या काळांत गांवोगांवीं सर्पमित्र दिसूं लागले; अमरावती आणि अकोला हे जिल्हे त्यांत मागें राहिले नाहींत. घरांत साप निघाला कीं काठी शोधणारी माणसें आतां सर्पमित्राला निरोप धाडतात. येथें परडी आणि पेटी या दोहोंनंतरची तिसरी वस्तु पुढें आली, ती म्हणजे सर्पमित्राची सुती पिशवी.

ही पिशवी म्हणजे सर्वांत थोड्या मुदतीचा बंदिवास. कापड सुती हवें, कारण त्यांतून हवा खेळते. शिवण आंतल्या बाजूस नको, कारण सुट्या दोऱ्यांत दात अडकतात. गांठ पक्की हवी आणि पिशवी सावलींत हवी. एका पिशवींत एकच साप. वन खात्याला वर्दी देऊन, शक्य तितक्या लवकर आणि जेथें सांपडला त्या परिसराजवळच त्याला सोडावें, हा नियम. दूरच्या रानांत नेऊन सोडलेल्या सापाला तेथलीं बिळें, पाणी, भक्ष्य यांची ओळख नसते. तो भटकत राहतो आणि त्यांत पुष्कळदां मरतो. नांगराच्या फाळानें किंवा जाळ्याच्या दोऱ्यानें जखमी झालेला साप मात्र पशुवैद्याच्या हातांत गेला पाहिजे. पकडलेला नाग गळ्यांत घालून छायाचित्र काढण्याची हौस ही नव्या काळांतली पुंगीच होय. तींत सापाचे हाल होतात आणि कित्येक तरुणांनीं तींत आपले प्राणहि गमावले आहेत.

वऱ्हाडला या बाबतींत एक विशेष जबाबदारी लाभली आहे. अंडीखाऊ नांवाचा एक लहानसा साप १८६३ सालीं रायनहार्ट या शास्त्रज्ञानें बंगालच्या रंगपूरकडील नमुन्यावरून जगापुढें आणला. त्याच्या तोंडांत दात नांवापुरते आहेत. गिळलेलें पक्ष्याचें अंडें घशांत गेल्यावर मणक्यांचे टोंकदार उंचवटे तें फोडतात. पुढें हा साप इतका क्वचित् दिसूं लागला कीं तो नामशेष झाला असें अनेकांस वाटलें. २००५ सालीं वर्ध्याहून त्याची महाराष्ट्रांतली पहिली नोंद शास्त्रीय नियतकालिकांत आली, आणि २००७ सालीं मेळघाटासह अमरावती जिल्ह्यांतील सापांची जी यादी प्रसिद्ध झाली, तींतहि त्याचें नांव झळकलें. अशा सापाला कोणी हौसेनें पेटींत कोंडलें आणि उंदीर दाखविला, तर तो उपाशी मरेल. त्याला रानांतल्या लहान पक्ष्यांचींच अंडीं हवींत, आणि तीं वर्षभर मिळत नाहींत. प्रत्येक जातीचें पोट निराळें, हा सर्पपालनांतला धडा वऱ्हाडच्या या दुर्मिळ रहिवाशाइतका स्पष्ट दुसरा कोणी शिकविणार नाहीं.

दुसरें उदाहरण मांडुळाचें. भुसभुशीत मातींत शिरून राहणारा हा निरुपद्रवी साप, शेपटी बोथट असल्यामुळें दुतोंड्या म्हणून ओळखला जातो. पूर्वी गारुडी त्या शेपटीवर डागून डोळे आणि तोंड उमटवीत. पुढें गुप्तधनाच्या आणि पैशांच्या पावसाच्या खुळ्या कल्पना त्याच्याभोंवतीं गुंफल्या गेल्या. वजनावर किंमत ठरते या समजुतीनें त्याला बळेंच खाऊं घालूं लागले आणि चोरट्या व्यापारांत गोणींत कोंडून गांवोगांव फिरवूं लागले. मातीशिवाय ठेवलेला मांडूळ स्वस्थ राहत नाहीं आणि खात नाहीं. असाच मातींत नाक खुपसणारा एक साप उत्तर अमेरिकेच्या माळरानांवर आढळतो. त्याचें नाक डुकरासारखें वर वळलेलें असतें. त्यानें तो भेक उकरून काढतो, आणि संकट आलें कीं तोंड वासून मेल्याचें सोंग करतो. परदेशांत तो घरोघरीं पाळतात. त्याच्या पालकांनाहि हेंच शिकावें लागलें: खोल भुसभुशीत तळ, उबेची आणि थंडाव्याची सोय, बेडकांऐवजीं रोगमुक्त उंदरांची संवय, बेताचें खाणें आणि खाल्ल्यावर दोन दिवस न हाताळणें. तो साप पिढ्यान्‌पिढ्या पेटींतच जन्मलेला असतो. आपल्या शेतांतून धरलेल्या धामणीला किंवा मांडुळाला तें कोष्टक लागू पडत नाहीं, आणि कायदाहि तशी मुभा देत नाहीं.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारे १२ लाख माणसें दगावलीं, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक खेड्यांतले. तेव्हां सापाविषयींची माया शेतकऱ्याच्या जिवावर उदार होऊन करावी, असें कोणी सुचविणार नाहीं. रात्रीं पायांत जोडा आणि हातांत दिवा, घराभोंवतालची अडगळ साफ, निजावयास खाट आणि मच्छरदाणी, आणि दंश होतांच मांत्रिकाकडे न जातां दवाखाना, एवढें पाळलें तरी पुष्कळ घरें सुतकांतून वांचतील. राहिला साप. त्याला निरोगी ठेवण्याचे जे उपाय माणसानें शंभर दीडशें वर्षांत शोधले, ते रुग्णालयांतल्या लशीसाठीं आणि जखमी सापाच्या शुश्रूषेसाठीं लागतच राहतील. बाकीच्या सापांना वऱ्हाडच्या काळ्या मातींत ऊब, ओलावा, भक्ष्य आणि बीळ हीं चारही फुकट मिळतात. पंचमीला नांगर न धरणाऱ्या घरांनीं तीं त्यांना वर्षाचे उरलेले दिवसहि मिळूं द्यावींत.